अंतराळ पुण्यापेक्षा जवळ आहे

ठाणे ते पुणे हे अंतर सरळ रेषेत मोजलं तर साधारण १२० किलोमीटर भरतं. अंतराळाची हद्द त्याहून जवळ आहे. समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटर वर गेलं की अंतराळ सुरू झालं, असं बहुतेक ठिकाणी मानतात. गाडी सरळ आकाशात चढवता आली असती, तर लोणावळ्याला चहा घेऊन थोडं पुढे गेलं की आपण अंतराळात. नोव्हेंबर २००० पासून एक दिवसही खंड न पडता जिथे माणसं राहत आली आहेत, ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून फिरतं. ठाण्याहून कोल्हापूरला रस्त्याने जायचं तर साधारण एवढंच अंतर कापावं लागतं.

मग कोल्हापूरला न्यायला एक एसटी पुरते आणि स्थानकावर न्यायला घोडबंदर रोडवरच्या वीस-बावीस मजली टॉवरएवढं रॉकेट का लागतं? या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की पुढचं बरंच काही आपोआप सुटतं. अंतराळवीर का तरंगतात, त्यांना एका दिवसात सोळा सूर्योदय का दिसतात, परत येताना यानाभोवती आग का पेटते, या सगळ्याचं मूळ एकच आहे. ते उंचीत नाही, वेगात आहे.

एक किलो वजन ४०० किलोमीटर वर नुसतं उचलून न्यायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या जवळजवळ आठपट ऊर्जा त्याला तिथे टिकून राहण्याइतका वेग द्यायला लागते. नुसतंच वर गेलात तर नुसतेच खाली येता. अमेरिकेतल्या ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू शेपर्ड रॉकेटमधून २०२१ पासून बरेच हौशी प्रवासी असे जाऊन आले. १०० किलोमीटरच्या जरा वर पोचायचं, तीन-चार मिनिटं तरंगायचं आणि निघाल्यापासून दहा-अकरा मिनिटांत जमिनीवर परत. तो अनुभव मी कमी लेखत नाही, पैसे असते तर मीही गेलो असतो. पण वर जाऊन येणं वेगळं आणि वर राहणं वेगळं. म्हणूनच कक्षेत जाणारं रॉकेट जमीन सोडल्यावर फार वेळ सरळ वर जात नाही. ते हळूहळू आडवं होत जातं, आणि त्याचं बहुतेक इंधन आडवा वेग मिळवण्यात खर्च होतं.

हा वेग केवढा? स्थानक सेकंदाला ७.६६ किलोमीटर जातं, म्हणजे ताशी साधारण २७,६०० किलोमीटर. आपल्या ठाण्याच्या हिशेबात सांगायचं तर १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली. तिला तास-सव्वा तास लागला, आणि तेवढ्यावरही बघ्यांनी तोंडात बोटं घातली. स्थानक तेवढं अंतर साडेचार सेकंदांत कापतं. त्या गाडीनंतर १०८ वर्षांनी, १२ एप्रिल १९६१ ला, युरी गागारिन पृथ्वीभोवती फिरून येणारा पहिला माणूस ठरला, आणि त्याचा प्रवास होता १०८ मिनिटांचा. निव्वळ योगायोग. १०८ म्हटलं की ज्यांचा हात जपमाळेकडे जातो, त्यांनी आवरतं घ्यावं.

आता एवढ्या वेगाचा आणि वर टिकण्याचा संबंध काय? न्यूटनने हे तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी कागदावर मांडून ठेवलं आहे. त्याच्या कल्पनेत एक उंच डोंगर होता आणि डोंगराच्या माथ्यावर तोफ. आपण ती तोफ पारसिकच्या डोंगरावर चढवू, तोंड पूर्वेकडे करू आणि वाटेत हवाच नाही असं धरून चालू. (डोंगर तेवढा उंच नाही, पण घरचा आहे.) पहिला गोळा मुंब्र्यात पडला. दारू वाढवली, तर कल्याणच्या पुढे मुरबाडला गेला. आणखी वाढवली, अहिल्यानगर. आणखी, नांदेड. गोळा दर वेळी पडतोच आहे, आणि पहिल्या सेकंदात तो सुमारे पाच मीटर खाली येतो, मग आडवा वेग कितीही असो.

पृथ्वी गोल असल्याचा फायदा इथे होतो. तिचा पृष्ठभाग दर आठ किलोमीटरला साधारण पाच मीटर खाली वळतो. तेव्हा गोळ्याला सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेग दिला, तर तो एका सेकंदात पाच मीटर खाली येईल आणि तेवढ्यात त्याच्याखालची जमीनही पाच मीटर खाली गेलेली असेल. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्याही. गोळा पडत राहतो, पण जमीन काही हाती लागत नाही. सुमारे ८४ मिनिटांनी तो जगाला वळसा घालून पश्चिमेकडून, ऐरोलीच्या बाजूने, तोफ डागणाऱ्याच्या पाठीवर येईल. तेवढ्या वेळात त्याने बाजूला झालेलं बरं. उंचावर गुरुत्वाकर्षण थोडं कमी आणि वाट थोडी लांब, त्यामुळे स्थानकाला एका फेरीला ९२-९३ मिनिटं लागतात. तत्त्व तेच. स्थानकावर इंजिन सतत चालू नसतं. तिथेही हवेचे अगदी विरळ कण असतात आणि त्यांच्या अडथळ्यामुळे ते हळूहळू खाली सरकतं, म्हणून अधूनमधून थोडा धक्का देऊन त्याला पुन्हा वर उचलावं लागतं. बाकी सगळं पडणं.

‘वर गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून अंतराळवीर तरंगतात’ हा समज शाळेत इतका घट्ट बसतो की इंजिनियर झालेल्यांच्या डोक्यातूनही जात नाही. ४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८८ टक्के असतं. तेवढ्या उंचीचा टॉवर बांधून गच्चीवर वजनकाटा ठेवला, तर खाली ६० किलो भरणारा माणूस तिथे ५३ किलो भरेल. तरंगणार नाही. गुरुत्वाकर्षण खरंच नसतं, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलंच नसतं, सरळ रेषेत निघून गेलं असतं.

बाविसाव्या मजल्यावरून लिफ्ट खाली निघते, त्या पहिल्या क्षणी पोटात हलकं होतं ना? लिफ्ट खालून निसटू लागलेली असते आणि पायांना मिळणारा तिचा रेटा क्षणभर कमी पडतो. आपल्याला वजन म्हणून जे जाणवतं तो फरशीने तळपायांना दिलेला हा रेटाच असतो. स्थानक आणि आतली माणसं एकाच वेगाने एकत्र पडत असतात, त्यामुळे फरशी कुणालाच रेटत नाही. लिफ्टमधला तो अर्धा सेकंद तिथे सहा-सहा महिने चालतो. त्याचे परिणाम शरीरावर होतातच. पायांकडे ओढलं जाणारं रक्त चेहऱ्याकडे चढतं आणि तोंड सुजल्यासारखं दिसतं. पहिले काही दिवस बहुतेकांना मळमळतं. हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात, म्हणून रोज दोन तास व्यायाम सक्तीचा. आपल्याकडे जिमची वर्गणी भरून न जाणाऱ्यांना तिथे प्रवेश नाही.

वेगाचा आणखी एक खेळ आहे, तो मला सगळ्यात मजेदार वाटतो. २५ जून २०२५ ला ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला ॲक्सियम-४ मोहिमेतून फ्लोरिडाहून निघाले. कमांडर होत्या पेगी व्हिटसन, सोबत पोलंड आणि हंगेरीचे दोघे. रॉकेटने त्यांना दहाएक मिनिटांत कक्षेत पोचवलं. पण स्थानकाला यान जोडलं जाईपर्यंत सुमारे २८ तास गेले. चारशे किलोमीटर वर जायला दहा मिनिटं आणि दारापाशी पोचायला दिवसाहून जास्त!

कारण कक्षेत कुणाला गाठण्याची रीतच उलटी आहे. खालची कक्षा लहान असते आणि तिथे वेगही जास्त असतो. वरची कक्षा मोठी आणि संथ. स्थानकाच्याच उंचीवर, पण त्याच्या मागे असलेल्या यानाने इंजिन पेटवून वेग वाढवला, तर ते वरच्या, लांबच्या वाटेवर चढतं आणि आणखी मागे पडतं. म्हणून पाठलाग खालून करायचा. खालच्या कक्षेत फेऱ्या मारत अंतर कमी करत आणायचं, मग टप्प्याटप्प्याने वर चढायचं, आणि शेवटचे काही मीटर अगदी गोगलगायीच्या चालीने. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली उतरा, हे माजिवड्याच्या सिग्नलवर रोज गाडी काढणाऱ्याला पटणं अवघड आहे. पण वर हेच चालतं.

आता खिडकीकडे येऊ. अंतराळातून पृथ्वी म्हटलं की डोळ्यांसमोर काळ्या पार्श्वभूमीवरचा निळा-पांढरा पूर्ण गोळा येतो. स्थानकावरून तो दिसत नाही. फार जवळ असल्यामुळे दिसू शकत नाही. ४०० किलोमीटरवरून एका वेळी पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जेमतेम तीन टक्के भाग नजरेत येतो. पूर्ण गोळा पाहायचा तर हजारो किलोमीटर दूर जावं लागतं, आणि १९६८ ते १९७२ या काळात अपोलो यानांतून चंद्राकडे गेलेल्या २४ जणांना तो पाहायला मिळाला. बिल अँडर्स यांनी अपोलो ८ मधून २४ डिसेंबर १९६८ ला टिपलेली, चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी, आणि डिसेंबर १९७२ मधलं अपोलो १७ चं पूर्ण गोळ्याचं छायाचित्र, ही दोन चित्रं आपल्या डोक्यात इतकी पक्की आहेत की राकेश शर्मांनीही तेच पाहिलं असणार असं वाटतं. त्यांनी १९८४ च्या एप्रिलमध्ये सल्यूत-७ स्थानकावरून जे पाहिलं ते वेगळं होतं, आणि माझ्या मते जास्त रंजक. गोळा लांबून पाहताना तो एक वस्तू असतो. इथे तो खिडकी भरून असतो आणि पायाखालून पळत असतो.

समजा स्थानक नेमकं ठाण्याच्या माथ्यावर आलं आहे आणि तुम्ही क्युपोलात आहात. क्युपोला म्हणजे फेब्रुवारी २०१० मध्ये जोडलेला सात खिडक्यांचा घुमट, कडेने सहा आणि मधोमध ८० सेंटिमीटर व्यासाची गोल काच. स्थानक दर फेरीत स्वतःभोवती असं वळत राहतं की घुमटाचं तोंड कायम जमिनीकडे असावं. चारी दिशांना क्षितिज साधारण २,२०० किलोमीटरवर आहे. दक्षिणेला कन्याकुमारी आणि त्यापलीकडे श्रीलंका. उत्तरेला हिमालयाची पांढरी रांग आणि काश्मीर. पश्चिमेला अरबी समुद्र ओलांडून मस्कत. पूर्वेला कोलकाता, आणि अगदी कडेला, धुरकट, गुवाहाटीचा परिसर. नकाशात आपण ज्याला भारत म्हणतो तो जवळजवळ सगळा एका नजरेत, पण कडांकडे वाकत गेलेला.

आणि तो थांबत नाही. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते, त्यामुळे ते ठाण्यावरून जातं तेव्हा त्याच्या दोनच वाटा असतात. एक ईशान्येकडे. त्या वाटेवर नाशिक सतरा-अठरा सेकंदांत येतं, पावणेतीन मिनिटांत लखनौ, म्हणजे शुक्लांचं गाव, आणि लगेच नेपाळचा हिमालय. दुसरी वाट आग्नेयेकडे, पुण्याच्या अंगाने, आणि दोन मिनिटांत बंगळुरू. हीच वाट पुढच्या फेरीत पुन्हा मिळत नाही, कारण त्या दीड तासात खाली पृथ्वीही फिरलेली असते. पुढच्या फेरीत ते आपल्या अक्षांशावर येतं तेव्हा सौदी अरेबियाच्या वाळवंटावर असतं. शर्मांचं सल्यूत-७ ही याच कोनातून फिरत होतं, म्हणून त्यालाही ठाण्यावर याच दोन वाटा. शर्मा आणि इंदिरा गांधींचा तो संवाद सगळ्यांना पाठ आहे. शर्मांच्या कामातला एक मोठा भाग मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. त्यांनी वेगवेगळ्या रंगछटा वेगळ्या टिपणाऱ्या कॅमेऱ्याने भारताच्या भूभागाची छायाचित्रं काढली, आणि ती जंगलं, पाणी, खनिजं यांच्या अभ्यासासाठी होती.

नुसत्या डोळ्यांनी काय ओळखता येईल? चांगल्या नजरेला तेवढ्या उंचीवरून साधारण शंभर-सव्वाशे मीटरपेक्षा लहान गोष्ट वेगळी ओळखता येत नाही. चीनची भिंत अंतराळातून दिसते ही थाप आहे. ती काही मीटर रुंद आणि आजूबाजूच्या मातीच्याच रंगाची. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये जाऊन आले तेव्हा आपल्याला ती दिसली नाही असं त्यांनी सांगूनही टाकलं. ठाण्याची खाडी मात्र सहज दिसते, वाशीच्या पुलापाशी तिची रुंदी दीड किलोमीटरच्या वर आहे. तिच्या कडेचं तिवरांचं गडद हिरवं, मुलुंड-भांडुपकडच्या मिठागरांचे चौकोन, पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे १०४ चौरस किलोमीटरचा हिरवा ठिपका आणि त्यातले तलाव, हे कॅमेऱ्याच्या लांब भिंगातून फार सुरेख येतं. नवी मुंबई विमानतळाची ३,७०० मीटरची धावपट्टीही. खाडीतले फ्लेमिंगो? नाही, ते बघायला खाडीवरच जावं लागेल.

रात्री चित्र उलटं होतं. दिवसा जे हिरवं आणि निळं ते रात्री काळं. मुंबई परिसराच्या रात्रीच्या छायाचित्रात दिव्यांच्या मधोमध एक मोठा काळा डाग दिसतो, ते राष्ट्रीय उद्यान. त्याच्या उजवीकडे उजेडाचा एक पट्टा, मग पुन्हा काळं. तो पट्टा म्हणजे मुलुंड-ठाणे, आणि पलीकडचं काळं म्हणजे खाडी. खाडीपलीकडे उजेडाची आणखी एक पट्टी, खाडी आणि पारसिकच्या डोंगरात दबलेली, ती ऐरोली ते बेलापूर. आपली शहरं कशी वाढली आणि कुठे अडली, हे एवढं स्पष्ट सांगणारा दुसरा नकाशा मी तरी पाहिलेला नाही. दिवे बदलल्याचंही वरून कळतं. सोडियमच्या दिव्यांचा नारिंगी उजेड जाऊन एलईडीचा पांढरा येतो, तसतसा शहरांचा रंग छायाचित्रांत बदलत गेला आहे.

‘अंतराळातून देशांच्या सीमा दिसत नाहीत’ हे वाक्य अंतराळाविषयीच्या प्रत्येक भाषणात येतंच. दिवसा ते बव्हंशी खरं आहे. रात्री नाही. भारत-पाकिस्तान सीमेवर कुंपणाला लावलेल्या प्रखर दिव्यांची नारिंगी रेघ वरून ठळक दिसते. २०११ मध्ये स्थानकावरून काढलेलं तिचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. जगात माणसाने ओढलेल्या आणि रात्री वरून एवढ्या स्वच्छ दिसणाऱ्या सीमा फार थोड्या, आणि त्यातली एक आपली आहे.

अंतराळवीर परत आल्यावर ज्या गोष्टीविषयी पुन्हा पुन्हा बोलतात ती जमिनीवरची नसते, कडेची असते. क्षितिजावर, काळ्या आकाशाला लागून, हवेची निळी किनार दिसते. पातळ, फारच पातळ. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आणि आपली ९० टक्के हवा पहिल्या १६ किलोमीटरांत. ठाण्याहून धीमी लोकल पकडली तर विद्याविहारपर्यंत पोचायला तेवढं अंतर लागतं. जवळजवळ सगळे ढग, मान्सून, विमानं, एव्हरेस्ट, सगळं त्यात. रात्री या किनारीच्या वर आणखी एक फिकट हिरवी रेघ दिसते. साधारण शंभर किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू दिवसा साठवलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडतात, त्याची ती. ध्रुवीय प्रकाशाचे पडदे तर बरेचदा स्थानकाच्या खालून सरकतात. आणि पावसाळ्यात ढगांच्या आत विजा चमकतात, त्या वरून दिसतात. शुक्ला स्थानकावर होते ते २६ जून ते १४ जुलैचे दिवस आपल्याकडे ऐन पावसाचे. कोकणावर त्या काळात वरून बहुतेक वेळा पांढरा कापूसच दिसतो.

सूर्योदयाचं गणित आता सोपं आहे. ९२-९३ मिनिटांची फेरी, दिवसाला साडेपंधरा फेऱ्या, प्रत्येक फेरीत एक सूर्योदय आणि एक सूर्यास्त. पण संख्येपेक्षा त्यांचा वेग पाहण्यासारखा. आपल्याकडे सूर्याची कड दिसल्यापासून पूर्ण बिंब वर यायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. तिथे अनेकदा आठ-दहा सेकंदांत काम संपतं. निळी किनार, त्यात लाल-केशरी थर, आणि फोटो काढू म्हणेपर्यंत डोळे दिपलेले.

हे सगळं पाहून माणसात काहीतरी बदलतं, असं अनेकांनी सांगितलं आहे. फ्रँक व्हाइट या लेखकाने १९८७ मध्ये या अनुभवाला ‘ओव्हरव्ह्यू इफेक्ट’ असं नाव दिलं. भारावून जाणं, पृथ्वी नाजूक वाटणं, आपली रोजची भांडणं क्षुल्लक वाटणं. यावर माझा अर्धा विश्वास आहे. अनुभव खरा असणार, एवढ्या वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या स्वभावांची माणसं तेच सांगतात. पण वर जाऊन आलेला प्रत्येक जण संत होऊन परतला असं काही झालेलं नाही, आणि साठहून जास्त वर्षं लष्करी वैमानिकांना वर पाठवून युद्धंही थांबलेली नाहीत. मला जास्त पटणारी गोष्ट साधी आहे. मोकळा वेळ मिळाला की स्थानकावरची माणसं खिडकीपाशी जाऊन बसतात. सहा महिन्यांत हजारो फेऱ्या झाल्या तरी कंटाळत नाहीत.

परत येणं हा पुन्हा वेगाचाच प्रश्न. खाली यायला यानाला फार काही करावं लागत नाही. इंजिन काही मिनिटं उलट पेटवून वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास कमी केला, म्हणजे जेमतेम दीड टक्का, की कक्षा वाकते आणि तिची खालची बाजू हवेत शिरते. उरलेला सगळा वेग हवेने मारायचा. समोरची हवा यानापुढून हटायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाते, प्रचंड तापते आणि यानाचं कवच दीड-दोन हजार अंशांपर्यंत तापवते. रॉकेटने चढवलेली सगळी ऊर्जा इथे उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून उष्णतारोधक कवच शाबूत हवं. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले, कारण उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाला भोक पडलं होतं आणि परतीच्या वाटेवर तापलेला वायू त्यातून आत शिरला. इस्रोच्या गगनयान मोहिमेत तिघांना ४०० किलोमीटरच्या कक्षेत तीन दिवसांपर्यंत पाठवायची योजना आहे, आणि तिच्या चाचण्यांत सुरक्षित परतीवर, पॅराशूटांवर आणि संकटात यान रॉकेटपासून सोडवण्यावर एवढा वेळ जातो, तो याच कारणाने.

हे स्थानक ठाण्यातून पाहता येतं, आणि त्याला दुर्बीण लागत नाही. सूर्य मावळल्यावर तास-दीड तास किंवा उगवण्यापूर्वी तेवढाच वेळ, अशा दोनच वेळांना ते दिसतं. आपल्याकडे अंधार झालेला असतो, पण ४०० किलोमीटर वर अजून ऊन असतं आणि त्याच्या सौरपंखांवरून ते आपल्यापर्यंत परावर्तित होतं. मध्यरात्री तेही पृथ्वीच्या सावलीत असतं, म्हणून तेव्हा शोधू नये. ते पश्चिमेकडच्या बाजूने येतं, पूर्वेकडे जातं, पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडतं. चमक कधी कधी शुक्राला मागे टाकणारी. विमानासारखं लुकलुकत नाही, आवाज नाही. संध्याकाळी बऱ्याचदा आकाशाच्या मध्यावर येऊन ते काही सेकंदांत विझतं. ढगाआड गेलेलं नसतं, पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. पहाटे याच्या उलट, ते अचानक मधूनच उगवतं.

वेळ आधी बघून ठेवावी. नासाची ‘स्पॉट द स्टेशन’ ही सेवा तुमच्या शहरासाठी तारीख, वेळ, दिशा आणि कमाल उंची अंशांत देते. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे चार मुठी म्हणजे चाळीस अंश. ठाण्यात आणि नव्या मुंबईत इमारतींची गर्दी पाहता चाळीसच्या खालच्या वेळेसाठी गच्चीवर जाऊ नये, शेजारच्या सोसायटीचं पाण्याचं टाकं दिसेल. शहरातल्या दिव्यांचा त्रास ताऱ्यांना होतो, स्थानकाला फारसा नाही. मासुंदा तलावाच्या काठावरूनही दिसतं. खाडीलगतचा पाम बीच रोड, खारघरच्या टेकड्या, उपवन या जागा मोकळ्या आहेत, आणि वांगणीला आकाशदर्शनाला जाणाऱ्यांना तर ते ताऱ्यांच्या सोबत मिळतं. काही दिवस ओळीने दिसेल, मग काही आठवडे नाही, कारण त्याची वाट आणि आपली संध्याकाळ यांचा मेळ सुटत-जुळत राहतो. जून ते सप्टेंबर ढगांवर सोडून द्यावेत. आणि फार पुढे ढकलू नये, २०३० नंतर हे स्थानक पॅसिफिक महासागरात उतरवून संपवण्याची नासाची योजना आहे.

वर असलेल्यांना हात करायचा असेल तर संध्याकाळची वेळ धरा. स्थानकावरची घड्याळं ग्रीनिचच्या वेळेवर चालतात. आपल्याकडे संध्याकाळी साडेसात वाजतात तेव्हा तिथे दुपारचे दोन असतात आणि माणसं कामात असतात. पहाटे सव्वापाचला गेलात, तर तिथे रात्रीचे पावणेबारा, आणि सगळे भिंतीला बांधलेल्या झोपण्याच्या पिशव्यांत गाढ झोपलेले.